उष्टा धोटा

तात्या, काल तुमच्या दहाव्याला जो तो एकच बोलत होता. सुटले बिचारे. बाणगंगेच्या पायरीवर मी मांडीवर बॅग घेऊन बसले होते आणि दर वेळी ते ऐकलं की माझं डोकं सटकत होतं. सुटले म्हणजे काय? असे कसे सुटलात? रडायला आलेली माणसं पुष्कळ होती, मी भांडायला आले होते. आजही भांडतेच आहे. तुम्ही ऐकत नाही आहात हे मला माहीत आहे, पण तुम्ही जिवंत होतात तेव्हा तरी कुठे ऐकत होतात.

आधी एक गोष्ट साफ करते. मी तुमच्या घरात बदला घ्यायला आले नव्हते. दीड वर्षापूर्वी मी एका गटात नाव दिलं. सगळे विशीतले, पंचविशीतले, कोणी कॉलेजात, कोणी माझ्यासारखी लॅबमध्ये दिवसभर रिपोर्ट टाइप करणारी. अल्झायमर झालेल्या माणसांच्या घरी रविवारी सकाळी दोन तास जाऊन बसायचं, गप्पा मारायच्या, चार घास भरवायचे. तेवढ्या वेळात घरच्यांना बाजारात जाता येतं, केस धुता येतात, नुसतं आडवं होता येतं. दोन शनिवार ट्रेनिंग झालं, मग हातात एक वही दिली आणि एक घर दिलं. मला लालबागचं घर आलं. चाळीचा दुसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली, खिडकीशी लोखंडी खाट आणि खाटेवर तुम्ही. मी भोईवाड्यातून चालत यायचे.

पहिल्याच दिवशी तुम्ही माझी ओढणी धरलीत. मी घाबरले, तुमची सून सुनंदाकाकी आतून धावत आल्या. पण तुम्ही नुसतं ते कापड अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून सरकवत होतात, डोळे मिटून. मग म्हणालात, "पॉवरलूमचो माल. एक धागो तुटलो हा." मी घरी येऊन ओढणी उजेडात धरली. खरंच एक धागा तुटलेला होता, लांबीभर. दुकानदाराला दिसला नव्हता, मला सहा महिने वापरून दिसला नव्हता. तुम्हाला सुनेचं नाव आठवत नव्हतं, पण धागा कळला. मी पप्पांना कौतुकाने सांगितलं. तुम्ही मला आवडला होतात, तात्या. हे मला अजून खुपतं.

दर रविवारी तुम्ही विचारायचात, "खंयची पाळी गो तुझी? पयली काय?" ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं की ते ज्या जगात आहेत त्या जगात आपण जायचं, चूक काढायची नाही. मी म्हणायचे, दुसरी पाळी. मग तुम्ही खूश. मिलमध्ये पहिल्या पाळीला तुम्ही होतात ना, दुसरीची माणसं आली की तुमची सुट्टी. मिल बंद पडली, जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला, तुमच्या खिडकीतून तो दिसायचा, पण तुम्हाला तो दिसत नव्हता.

तिसऱ्या रविवारी काकी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "साचेखात्यात ह्यांचा काय दरारा होता माहितीय? खिडकीजवळचे दोन साचे ह्यांचे. खिडकीवाला परब म्हणायचे सगळे. म्हणून ही खाट पण खिडकीशीच लागते."

माझ्या हातात तुमचा कंगवा होता. मी तुमचे केस विंचरत होते. मी हात थांबवला नाही, हे मला नीट आठवतं. भांग पाडला, कंगवा धुतला, वहीत लिहिलं की आज केस विंचरू दिले, आणि चिंचपोकळीच्या पुलापर्यंत चालत जाऊन तिथे उभी राहिले. कारण खिडकीवाला परब हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या घरात त्या नावाची एक वस्तू आहे, टीव्हीच्या फळीवर ठेवलेली. एक धोटा.

तुम्ही विसरलात, म्हणून मी सांगते. बाकीच्यांनीही ऐकावं. धोटा म्हणजे साच्यावर, मिलच्या मागावर, आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारी ती लाकडी होडी. तिच्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. ते हाताने निघत नाही. भोकाला तोंड लावून धागा ओढून घ्यावा लागतो. एकाच धोट्याला सकाळी एका पाळीचा माणूस तोंड लावणार, दुपारी दुसऱ्या पाळीचा. म्हणून आमच्या लोकांना साचेखात्यात घेत नसत. आम्ही बौद्ध झालो होतो, पण मिलच्या गेटात शिरलं की जात जुनीच होती. आमच्यासाठी सूत कातायचं खातं, तिथली कापसाची धूळ आणि तिथला कमी पगार. विणायचं काम तुमचं.

माझ्या आजोबांना विणता येत होतं. लक्ष्मण कांबळे. जेवणाच्या सुट्टीत एका मित्राच्या साच्यावर बघून बघून शिकले होते. तुम्ही शिमग्याला गावी गेलात आणि परत यायला दोन दिवस उशीर केलात. बदली माणूस मिळेना, खात्यावर माणसं लावणारा जॉबर अडला होता, त्याने गुपचूप आजोबांना तुमच्या दोन साच्यांवर उभं केलं. दोन दिवस कापड निघालं, एक डाग नाही, एक तुटका धागा नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि तुम्हाला कोणी तरी सांगितलं.

तुम्ही धोटा फडक्यात धरून उचललात आणि आजोबांच्या पायाशी फेकलात. घेऊन जा तुझा उष्टा धोटा. साच्यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, तिथे सगळे ओठ बघून बोलायचे. आजोबांनी तुमचे ओठ वाचले. मग खातंभर माणसं हसली. ते हसणंही त्यांना ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं. पप्पा ही गोष्ट सांगताना नेहमी इथे थांबतात.

आजोबांनी तो धोटा डब्याच्या फडक्यात बांधून घरी आणला. परत साचेखात्याचं नाव घेतलं नाही. मी चौथीत असताना ते गेले. मला त्यांची एक गोष्ट पक्की आठवते. ते पाणी वरून प्यायचे. पेला ओठांना लागायचा नाही, हात उंच, धार बरोबर तोंडात. मला वाटायचं काय भारी ट्रिक आहे, मी पण करून बघायचे, सगळी भिजायचे. मोठी झाल्यावर कळलं की ती ट्रिक नव्हती. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पेल्याला त्या माणसाने मरेपर्यंत तोंड लावलं नाही. हे तुमचं काम, तात्या. तुमच्या त्या दोन बोटांचं.

तर चौथ्या रविवारी मी पुन्हा आले. मनाली, आमच्या गटाचं सगळं बघणारी, तिला सांगून घर बदलता आलं असतं. मी सांगितलं नाही.

तुम्हाला तेव्हा एक भीती बसली होती, की जेवणात कोणी तरी काही घातलंय. वाटी समोर आली की तुम्ही तोंड घट्ट मिटायचात आणि माझ्याकडे बोट करायचात. "आदी तू खा." ह्यासाठी आमच्याकडे नियम होता. वाद घालायचा नाही, त्यांच्यासमोर आपण एक घास खायचा, दुसऱ्या चमच्याने. माझ्या वहीत 'दुसऱ्या चमच्याने' खाली लाल रेघ आहे. तीन रविवार मी दोन चमचे वापरले. चौथ्या रविवारी दुसरा चमचा ताटलीतच राहिला.

पेजेचा पहिला घोट मी घेतला. चमचा पूर्ण तोंडात घालून, ओठ मिटून. मग तोच चमचा पेजेत बुडवून तुमच्या तोंडाशी नेला. तुम्ही आ केलात. लहान पोरासारखा. गिळलंत आणि म्हणालात, "बरी झाली हा."

मला काय वाटलं ते खरं सांगू का? मजा आली. अंगातून गरम काही तरी वर आलं. खा, म्हटलं मनात. लक्ष्मण कांबळेच्या नातीचं उष्टं खा. अजून खा. तुम्ही वाटी संपवलीत. वहीत मी लिहिलं, आज पूर्ण वाटी खाल्ली. ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. काकींचे डोळे भरून आले, म्हणाल्या तुझ्या हाताला गुण आहे गं. आणि मी मान खाली घालून हसले.

असे कितीतरी रविवार गेले. घावन, पेज, मऊ भात, वाटाण्याच्या सांबाऱ्यात बुडवलेला पाव. प्रत्येक घासाला आधी मी. सर्दी असली तर यायचे नाही, एवढी अक्कल होती. बाकी काही शरम नव्हती. मनाली एकदा म्हणाली, प्राची, तुझ्यासारखा पेशन्स कोणात नाही. कशाचा डोंबलाचा पेशन्स. मला सोमवारपासून रविवारची ओढ लागायची.

पप्पांना मी ह्यातलं बरेच दिवस काही बोलले नाही. खिडकीवाला परब सापडला म्हटल्यावर ते आधी एवढंच म्हणाले होते की त्या घरात पाणी पिऊ नको. त्यांना वाटत होतं मी ते घर सोडलंय. मग एक दिवस मी चमच्याचं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते भाजी चिरत होते, चिरतच राहिले. मग म्हणाले, "त्याला कळतंय का, तू कोण ते?"

"नाही."

"मग काय उपयोग?"

झालं. त्या एका वाक्याने माझी सगळी मजा गेली. मी महिनोन्महिने ज्याला बदला समजत होते ते तुमच्या दृष्टीने काय होतं? एक गोड मुलगी येते, आपल्याआधी चाखून बघते, विष नाही याची खात्री देते. तुम्ही मजेत खात होतात. तुमच्या नावाचा राग आमच्या घरात तीन पिढ्या जपला गेला, आणि तुमच्या घरात, तुमच्या डोक्यात, त्याला जागाच नव्हती. आजाराने तुमचा गुन्हा धुऊन टाकला होता आणि तुम्ही चहा-बिस्किटं खात बसला होतात. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. तुम्हाला आठवलं पाहिजे. आणि तुम्ही ते बोललं पाहिजे, तुमच्या तोंडाने, तुमच्या माणसांसमोर.

म्हणून मी धोटा आणला. पप्पांना न विचारता, ओढणीत गुंडाळून.

काकी बाजारात गेल्या होत्या. मी तो तुमच्या मांडीवर ठेवला आणि समोर बसले. तोवर तुम्हाला शर्टाचं बटण कळेनासं झालं होतं, चप्पल कुठल्या पायाची ते कळत नव्हतं. पण तुमच्या हातांनी धोटा ओळखला. उलटा केलात, टोकावरून बोट फिरवलंत, भोकात बघितलंत. म्हणालात, "सूत खंय?" मी काकींच्या शिवणाच्या डब्यातून रीळ आणलं. तुम्ही धागा आत सोडलात, टोक भोकाशी धरलंत, धोटा वर उचललात आणि तोंड लावून ओढलात. एक बारीक आवाज आला आणि धागा बाहेर. तुम्ही तो दातातून सोडवून मला दाखवलात, केवढे खूश.

माझ्या आजोबांनी तोंड लावलेला धोटा. तुम्ही फडक्याने धरलेला. तुमच्या ओठांना लागला आणि काही झालं नाही. आढं कोसळलं नाही, तुमचं तोंड भाजलं नाही. शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली, बस.

आणि मग तुम्ही तो माझ्यापुढे धरलात. "ओढ. तू ओढ आता."

मी नाही ओढला. मी विचारलं, "तात्या, हा कोणाचा धोटा आहे?"

"माझो."

"नाही. लक्ष्मण कांबळेचा. कताईतला लक्ष्मण. तुमच्या साच्यांवर दोन दिवस उभा होता. तुम्ही त्याच्या पायाशी फेकलात."

तुम्ही बराच वेळ धोट्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, गेलं, पुन्हा हरवलात. मग हळूच म्हणालात, "कांबळे." आणि मग, "हात बरो होतो तेचो."

मला रडू फुटलं, तात्या. मला तुमच्यासमोर रडायचं नव्हतं. मी म्हटलं, "मग फेकलात का?"

तुम्ही मान वर केलीत. घरात तुम्ही कायम मालवणी बोलायचात, मिलमध्ये साधी मराठी, हे काकींनी मला सांगितलं होतं. ह्या वेळी तुम्ही साध्या मराठीत बोललात. माझ्याकडे सरळ बघून. "सगळे बघत होते."

एवढंच. मग तुमचे डोळे पुन्हा ढगाळले आणि तुम्ही विचारलंत, मी काही खाल्लं का.

ही माफी नव्हती. मी ते वाक्य हजार वेळा उलटून पालटून बघितलं आहे. त्यात 'चुकलो' नाही, 'वाईट वाटतं' नाही. नुसती सबब आहे. लोक बघत होते म्हणून फेकला. म्हणजे तुम्हाला धोट्याची किळस नव्हतीच? तुम्ही त्या दोन दिवसांचं कापड बघितलं होतं, तुमच्या त्या अंगठ्याने तपासलं होतं, आणि तुम्हाला कळलं होतं की माणूस कसबी आहे. तरी फेकलात. किळस आली असती तर मी कदाचित समजून घेतलं असतं, की बाबा तुम्हाला तसंच शिकवलं. पण तुम्हाला सगळं कळत होतं. खातंभर लोकांपुढे आपली मान खाली जाऊ नये म्हणून तुम्ही एका माणसाची मान कायमची खाली घातलीत. ह्याचा मला जास्त राग आहे.

घरी येऊन मी पप्पांना अर्धंच सांगितलं. हात बरो होतो तेचो, हे. पप्पांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, "परत सांग. कसं बोलला?" मी सांगितलं, तुमच्यासारखंच, मालवणीत. त्यांनी तीनदा बोलायला लावलं. मग बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. दुसरं वाक्य मी त्यांना सांगितलं नाही. ते मी ठेवून घेतलं.

त्यानंतर मी फार प्रयत्न केला. काकी असताना, तुमचा मुलगा प्रमोदकाका असताना, मुद्दाम विषय काढायचे. तात्या, साचेखात्यातली गोष्ट सांगा ना. तात्या, कांबळे आठवतात का? तुम्ही हसायचात. पाळी विचारायचात. एकदा प्रमोदकाका म्हणाले, "कोण गं हे कांबळे, तुझ्या नात्यातले का?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, अरे वा, म्हणजे जुनी ओळख निघाली.

मग तुम्हाला गिळता येईना. न्युमोनिया झाला, दवाखान्यात नेलं, नाकातून नळी घातली. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही चादरीची कड अंगठ्यात धरून सरकवत होतात. तुटलेला धागा शोधत होतात बहुतेक. मी उभी राहून त्या नळीकडे बघत होते. नळीत आधी मी खाऊन देऊ शकत नव्हते. मला काय सुचलं माहीत नाही, मी तुमच्या कानाशी वाकून सांगितलं, "उष्टं होतं ते. इतके दिवस तुम्ही जे खाल्लंत ते सगळं माझं उष्टं होतं." तुम्ही चादर सोडून माझी ओढणी धरलीत. बस एवढंच. शेजारच्या पेशंटची बायको म्हणाली, नात आहे का? बुधवारी तुम्ही गेलात. वरळीच्या सी-फेसला जाऊन मी दोन तास बसले आणि इतकी रडले की माझाच मला राग आला.

काल मी धोटा घेऊन आले होते, कारण आता तुम्ही बोलणार नव्हतात तर मी बोलणार होते. सगळे नातेवाईक, चाळीतले, मिलमधले उरलेसुरले म्हातारे, सगळ्यांसमोर. वाक्य पाठ केलं होतं. ह्या माणसाने माझ्या आजोबांना काय केलं ते ऐका.

पायरीवर एक आजोबा शेजारी बसले. नाईकमामा. तुमच्याच खात्यातले, तुमच्याहून थोडे लहान. काकींनी ओळख करून दिली, ही आमची प्राची, हिच्याच हातचं खायचे. नाईकमामांनी विचारलं, "कोणाची गो तू?" मी म्हटलं, "लक्ष्मण कांबळेची नात. कताईतले." ते माझ्याकडे बघत राहिले. मग तळ्याकडे बघायला लागले. ते तिथे होते, तात्या. त्या दिवशी. मला त्यांना विचारावंही लागलं नाही.

आणि कावळा शिवेना.

आमच्यात कावळ्याला कोणी विचारत नाही. मला हे सगळं आधी हसण्यासारखंच वाटलं. पान मांडलेलं, भाताचे पिंड, त्यावर तुमचं आवडतं घावन, काळ्या वाटाण्याचं सांबारं, बाजूला बिडी. कठड्यावर पंधरा कावळे बसलेले आणि एकही खाली येईना. एक जवळ आला, मान वाकडी करून बघितलं, उडाला. प्रमोदकाका हात जोडून कबूल करत सुटले. गावचं घर विकणार नाही. गणपती बंद करणार नाही. धाकट्याचं लग्न ह्याच वर्षी लावतो. कावळे ढिम्म. अर्धा तास गेला. उन्हाने माणसं कातावली. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावू या, मला पुढे अजून दोन ठिकाणी जायचंय.

मी मनात म्हटलं, बसा आता. शिवून घ्यायचं नव्हतं ना कोणाला? बसा शिवण्याची वाट बघत. मी बॅगेची चेन उघडली. हीच वेळ होती. सगळे गप्प होते, सगळे समोर होते.

तेवढ्यात काकी पुढे आल्या. रडून सुजलेला चेहरा. माझा हात धरून म्हणाल्या, "प्राची, ते तुझ्याआधी कधी खायचेच नाहीत गं. तू घास घे ना त्यातला."

काकींना चमच्याचं माहीत होतं की नाही, मला अजून कळलेलं नाही. दोन चमचे घासायला जायचे तेव्हा एक कोरडाच असायचा, ते त्यांनी बघितलं असेल. दीड वर्ष भांडी त्याच घासत होत्या.

मी बॅग खाली ठेवली आणि पानाशी गेले. वाकून घावनाचा तुकडा तोडला. गुरुजी ओरडले, "अहो, काय करता, पान उष्टं होईल."

"होऊ दे," काकी म्हणाल्या. "त्यांना तसंच लागायचं."

तुमच्या भावकीतल्या दोन बायका एकमेकींकडे बघत होत्या, कोणी तरी घसा खाकरला. मी तुकडा तोंडात घातला. घाई केली नाही. गार झालं होतं, मीठ कमी होतं. चावलं, गिळलं, उरलेलं घावन पानावर सारखं केलं आणि मागे झाले. पाठ केलेलं वाक्य मी बोलले नाही. बोलायची गरजच उरली नाही.

कावळा आला. घावन उचललं आणि गेला. प्रमोदकाका मटकन खाली बसून रडले, मागून पुन्हा सुरू झालं, सुटले, सुटले. नाईकमामा कावळ्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी नजर काढली नाही. त्यांनीच शेवटी काढली.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही, तात्या. कावळ्याने केलं असेल, तो तुमचा आणि त्याचा प्रश्न. येत्या रविवारी मला माहीमचं एक घर दिलंय, एक शिक्षिका आहेत, त्यांना मी तुमच्याबद्दल काही सांगणार नाही. तिथे मी दोन चमचे वापरणार आहे. पण तुमच्या खिडकीखालून जाताना मान वर जाईल, हेही मला माहीत आहे, आणि त्याचाही राग आहेच.

काल घरी पोचले तेव्हा पप्पा दारातच उभे होते. मी बॅगेतून धोटा काढला, फळीवर जागच्या जागी ठेवला.

"बोललीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"त्याचं शेवटचं पान पण मीच उष्टं केलं. मग कावळा शिवला."

पप्पा खुर्चीवर बसले. धोट्याकडे बघत अगदी हळू विचारलं, "लपून?"

"नाही पप्पा," मी म्हटलं. "सगळे बघत होते."